अनुदान आलं की विमा?

"विमा आला रे, सतराशे रुपये!" २०२५ च्या पावसाळ्यानंतर जुन्नरहून चुलतभावाचा फोन. आवाजात आनंद कमी, चेष्टाच जास्त. मी विचारलं, दादा, पाण्यात गेलेलं सोयाबीन किती होतं? वीस गुंठे, जिरायत. सरकारी अनुदानाचा दर गुंठ्याला ८५ रुपये, म्हणजे सतराशे. हिशोब रुपयाला रुपया जुळला, म्हणजे हा विमा नव्हे. हे अतिवृष्टीचं अनुदान.

गावात दोन्हीला 'भरपाई'च म्हणतात, गोंधळ तिथूनच सुरू होतो. खरं तर अनुदान भरपाई नाहीच. सरकारी कागदात त्याचं नाव 'निविष्ठा अनुदान', म्हणजे पुढच्या बी-खतासाठी हातभार. पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येतो, त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५. दर ठरलेले आहेत: हेक्टरी जिरायतीला ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५००. मर्यादा दोन हेक्टरांची; राज्य सरकार कधी कधी ती तीनवर नेतं, २०२५ मध्येही नेली. अट एकच, नुकसान ३३ टक्के किंवा जास्त हवं. एकदा ती रेघ ओलांडली की चाळीस टक्के गेलं काय नि सगळं वाहून गेलं काय, दर तोच. त्यामुळे पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक येतात (हुद्द्यांची नावं आता बदललीत, गावाच्या तोंडी जुनीच आहेत) तेव्हा आपण बांधावर हजर असणं महत्त्वाचं. क्षेत्र चुकलं की रक्कम चुकली.

विम्याचा व्यवहार निराळा. तो करार आहे: हप्ता भरला तर हक्क, नाही तर काही नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के. आपल्याकडे २०२३ पासून एक रुपयात विमा निघत होता, तो २०२५ च्या खरिपापासून बंद झाला. त्याच वेळी दुसरीही गोष्ट गेली, आणि ती फार जणांच्या लक्षात आली नाही. पूर्वी शेतात पाणी साचलं की ७२ तासांत कळवायचं, मग आपल्या रानाची पाहणी व्हायची. २०२५ च्या नव्या नियमांत भिस्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याच्या रानातलं पीक कापून उत्पन्न मोजण्यावर. सोयाबीनसारख्या पिकाला अख्ख्या महसूल मंडळाचं, म्हणजे काही गावांच्या गटाचं, सरासरी उत्पन्न काढतात आणि उंबरठा उत्पन्नाशी, म्हणजे मागच्या वर्षांवरून ठरवलेल्या उत्पन्नाच्या पातळीशी, ताडून पाहतात. समजा उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आणि मंडळाची सरासरी ८ भरली, तर तूट २० टक्के. विमा रक्कम ५०,००० असेल तर हेक्टरी १०,००० मिळतील. पण सरासरी ११ निघाली, तर तुमच्या रानात दाणा उरला नसला तरी हाती शून्य. मला हे पटत नाही. ओढ्याकाठचं रान आणि माळावरचं रान एका मापानं कसं मोजणार? पण नियम तसा आहे.

आणखी एक. इंदापूर-बारामतीचा ऊस या विम्यात बसतच नाही, अनुदानात मात्र बसतो. पुरंदरच्या सीताफळाला वेगळा, हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्यात सहसा फळ कुणी पाहत नाही, हवामान केंद्रातली नोंद पाहतात.

म्हणून तक्रारीआधी पैसा कुठला ते पाहायचं. अनुदान अडलं तर तलाठी नि तहसील. बहुतेक वेळा ई-केवायसी नाहीतर आधार-बँकेची जोडणी राहिलेली असते. विमा अडला तर कंपनी आणि तालुका कृषी अधिकारी, हातात हप्त्याची पावती घेऊन.

दादाला म्हटलं, तुझी पावती शोधून ठेव, विम्याचं अजून यायचं असेल.

"पावती कुठली? एक रुपया बंद झाला तेव्हा मी यंदा भरलाच नाही."

"मग मघाशी विमा आला म्हणून कशाला ओरडत होतास?"

"पैसे आले की आपण विमाच म्हणतो रे!"