मिटलेल्या पापणीचं शास्त्र

वाळपईच्या एका वाचनालयात औषधं आणि मेंदू या विषयावर बोलून झालं. चहा येईपर्यंत पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, "सर, उंदीर उदास झालाय हे तुम्हाला कळतं कसं?" औषधशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली, पण इतक्या सरळ प्रश्नाची तयारी नव्हती.

उत्तराची सुरुवात मी सर्पगंधेपासून केली. सह्याद्रीच्या दमट रानात हे झुडूप उगवतं, लालसर देठांवर पांढरी फुलं येतात. आयुर्वेदात याचं मूळ उन्मादावर आणि निद्रानाशावर देत आले आहेत. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी 1949 साली रक्तदाबावरचा त्याचा परिणाम ब्रिटिश नियतकालिकात मांडला, तेव्हा जगाचं लक्ष तिकडे गेलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत मुळातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. मग रक्तदाबासाठी ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, अशा नोंदी येऊ लागल्या.

मज्जापेशी सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन आणि डोपामिन ही रसायनं बारीक पिशव्यांत साठवून ठेवतात. रिसर्पिन या पिशव्या भरणारा पंपच बंद पाडतं. बाहेर राहिलेलं रसायन पेशीतली विकरं मोडून टाकतात आणि साठा रिकामा होतो. म्हणून उदासीचा नमुना म्हणून उंदराला रिसर्पिन देऊ लागले. असा उंदीर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात कुबड काढून बसतो, अंग गार पडतं, पापण्या खाली येतात. पापणी किती मिटली याला शून्य ते चार गुण द्यायचे. इमिप्रामिनसारखं नैराश्यावरचं औषध आधी दिलं असेल, तर पापण्या उघड्या राहतात. नवीन औषध चाळायला ही चाळणी स्वस्त आणि झटपट होती, म्हणून कित्येक वर्षं चालली.

पण ही चाळणी फसवी निघाली. उत्तेजक ॲम्फेटामिननेही पापण्या उघडतात, आणि ते काही नैराश्याचं औषध नव्हे. उलट फ्लुओक्सेटिनसारख्या फक्त सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्या इथे जवळपास नापास होतात. आज डॉक्टर नैराश्यावर सर्रास लिहून देतात त्या गोळ्या! 1957 मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रिसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा, म्हणजे डोपामिनचा कच्चा माल, टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे कान टवकारून हिंडू लागले. सेरोटोनिन बनवणारा कच्चा माल देऊन मात्र ते उठले नव्हते. म्हणजे त्या निपचितपणात मोठा वाटा डोपामिनचा होता; चित्र उदासीपेक्षा पार्किन्सनच्या जवळ जाणारं. पुढे 2000 साली त्यांना नोबेल मिळालं.

त्याहून मजेची गोष्ट माणसांची. 1955 साली लंडनमध्ये चिंता आणि उदासीच्या रुग्णांना मुद्दाम रिसर्पिन दिलं गेलं, तर काहींना त्याने बरंच वाटलं! हा निकाल बराच काळ अडगळीत पडला. मला वाटतं, पिशव्या रिकाम्या झाल्या की माणूस उदास होतो, ही गोष्ट इतकी पटण्यासारखी होती, की तिला खोटं पाडणारं काही ऐकायची कुणाला घाई नव्हती.

नंतर उंदीर उदास करण्याचे दुसरे मार्ग आले. कोणी ताणाचं संप्रेरक, कॉर्टिकोस्टेरॉन, आठवडेच्या आठवडे पाण्यातून देतं. कोणी जिवाणूच्या कवचाचा अंश टोचून शरीरात दाह उभा करतं. मग दोन बाटल्या ठेवायच्या, एकीत साधं पाणी, दुसरीत साखरेचं. एरवी उंदीर गोड बाटलीकडेच धावतो. या उंदरांची ती ओढ कमी होते. पापणीपेक्षा ही खूण मला जास्त पटते, कारण आवडतं काही नकोसं होणं ही माणसाच्या नैराश्याचीही खूण आहे. तरी अपराधी वाटणं, "माझा कोणाला उपयोग नाही" असं मनात घोळत राहणं, हे बाटलीच्या मापात येत नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे औषध दिलं की त्याला बरं वाटायचं?"

"डोळे उघडायचे," मी म्हटलं. "आमच्या वहीत तेवढंच लिहायचो."