फ्रान्सचं नॉस्टिक चर्च आणि वेर्ण्याचे पाद्री

नॉस्टिक म्हणजे ‘ही सृष्टी एका अज्ञानी कर्त्याने घडवली, सुटका होते ती आतल्या ज्ञानाने, म्हणजे नोसिसने’ असं मानणारे जुने ख्रिस्ती पंथ. त्यांच्या पुनरुज्जीवनाची गोष्ट दुसऱ्या शतकापासून सांगायची प्रथा आहे. खरं तर ती सुरू होते फ्रान्समध्ये ऑर्लेआंच्या दप्तरखान्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका अधिकाऱ्याच्या हाती १०२२ सालचा एक कागद लागला. १०२२ मध्ये याच शहरात डझनभर पाखंडी वेशीबाहेरच्या खोपटात कोंडून जाळले होते, त्यांत चर्चचे शिकलेसवरलेले पाद्रीही होते. कागद त्यांच्यापैकीच एकाचा, असं सांगतात. पुढे या अधिकाऱ्याला साक्षात्कार होऊ लागले. पॅरिसमध्ये एका उमराव बाईंच्या घरी, मृतात्म्यांना बोलावण्याच्या बैठकीत, जुन्या कॅथर (मध्ययुगात फ्रान्समध्ये पाखंडी ठरवून चिरडलेला पंथ) बिशपांनी आपल्याला बिशपाची गादी दिली, असं त्याचं म्हणणं. त्याने नॉस्टिक चर्च काढलं आणि १८९० हे 'नोसिसच्या पुनःस्थापनेचं वर्ष १' ठरलं. कॅथरांचा नॉस्टिकांशी संबंध किती, यावर इतिहासकार आजही भांडतात. इथे दोघांची मोट बांधली गेली. पाचेक वर्षांत संस्थापकच कॅथलिक झाला, आपल्याच मंडळींविरुद्ध पुस्तक लिहून मोकळा झाला आणि पुढे परतही आला.

खरा घोळ आहे १९१३ चा. बिशपपण म्हणजे डोक्यावर हात ठेवण्याची अखंड साखळी, आपल्याकडच्या गुरुपरंपरेसारखी. आत्म्यांनी दिलेली गादी त्यात बसेना. म्हणून ल्यों शहरातल्या गटाच्या प्रमुखाने नव्याने बिशपदीक्षा घेतली. या साखळीत पाच कड्या मागे गेलं की भेटतात गोव्यातल्या वेर्ण्याचे एक पाद्री! पोर्तुगीज पाद्रोआदोच्या (पूर्वेकडच्या चर्चवर पोर्तुगालच्या राजाला असलेला हक्क) वादात त्यांचं रोमशी बिनसलं, ते केरळच्या सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरेत गेले, १८८९ साली कोट्टयमला बिशप झाले. १८९२ मध्ये कोलंबोत त्यांनी अमेरिकेहून आलेल्या एका फ्रेंच पाद्र्याला दीक्षा दिली आणि तिथून धागा युरोपात पोचला. ते स्वतः १९२३ साली वारले. रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये त्यांची कबर आहे. सृष्टीचा कर्ता अज्ञानी, हे नॉस्टिक मत त्यांनी कधी मानलं नसतं.

आता आपले संस्कार रोमलाही खोटे म्हणता येणार नाहीत, असा समर्थकांचा हिशेब. पण ज्यांचं सगळं म्हणणंच 'आतलं ज्ञान पुरे, मध्यस्थ नको', त्यांनी हात ठेवायला मध्यस्थ हुडकावा, हे काही पटत नाही. शिवाय १९३८ साली अँटिओकच्या सिरियन पॅट्रिआर्कच्या (सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रमुखाच्या) कचेरीने कोलंबोतून फुटलेल्या या सगळ्या फांद्या जाहीरपणे नाकारल्या.

पोथ्या मागाहून आल्या. इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ कॉप्टिक (इजिप्तच्या जुन्या भाषेतले) नॉस्टिक ग्रंथ सापडले ते १९४५ साली, आणि ते सगळे इंग्रजीत एकत्र यायला १९७७ उजाडलं. तोवर विरोधकांनी लिहिलेलं आणि मोजकी हस्तलिखितं, एवढ्यावरच भागवावं लागे. आज अमेरिकेतली काही नॉस्टिक चर्चं उपासनेत हे ग्रंथ वाचतात. त्यांच्या बिशपांच्या वंशावळीत वेर्ण्याच्या पाद्र्यांचं नाव अजून आहे.