केमोआधी शुक्राणू गोठवताना अर्ज कुठे अडतो

कॅन्सरचं निदान झालं की घरात तपासण्यांची धावपळ सुरू होते आणि पुढे मूल व्हावं म्हणून वीर्य गोठवून साठवून ठेवण्याचा विषय निघतो तो केमो तोंडावर आल्यावर. नमुना पहिल्या डोसच्या आधीच द्यायचा असतो, हे आधी डोक्यात ठेवा.

वीर्य साठवणारं केंद्र २०२१ च्या एआरटी कायद्याखाली (कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांचा कायदा) नोंदणीकृत हवं. ओळखपत्र, फोटो, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी आणि सिफिलिसचे रिपोर्ट एवढं सगळीकडे मागतात. अडतं ते कॅन्सरच्या डॉक्टरांच्या पत्रावर. ‘रुग्ण आमच्याकडे उपचार घेत आहे’ एवढ्याने भागत नाही. निदान, ठरलेले उपचार, केमोची तारीख आणि वीर्य साठवण्याचा सल्ला, हे चारही लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी घ्या. तारीख नसेल तर काउंटरवरचा माणूस निवांतपणे पुढच्या आठवड्यात बोलावतो. त्याला कसली घाई?

वयाचंही त्रांगडं आहे. कायद्यात उपचार घेणाऱ्या पुरुषाचं वय २१ च्या वर आणि ५५ च्या खाली हवं असं म्हटलंय. कॅन्सरमुळे नुसतं साठवून ठेवणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलासाठी वेगळं कलमच नाही. त्यामुळे आजारी पोराला घेऊन निघण्याआधी केंद्राला फोन करून विचारा.

आता अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिजनमुळे पेशींना होणारी इजा रोखणारे पदार्थ. गोठवताना आणि वितळवताना पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू वाढतात, त्याने शुक्राणूंचं आवरण आणि डीएनए दुखावतो. म्हणून व्हिटॅमिन ई, ग्लुटाथायोन, मेलाटोनिन असे पदार्थ गोठवण्याच्या द्रावणात घालून पाहिले जातात. हे काम प्रयोगशाळेचं, त्यासाठी तुम्हाला कुठलाही फॉर्म भरायचा नाही. ‘आधी तीन महिने अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेतो, मग नमुना देतो’ असं कृपा करून करू नका. शुक्राणू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, तेवढा वेळ केमो थांबत नाही. दोन ते सात दिवस वीर्यपात टाळून आहे तसा नमुना द्या. शुक्राणू कमी असले तरी द्या.

संमतीपत्रात ‘मृत्यू झाल्यास नमुन्याचं काय करावं’ असा एक रकाना असतो. कायद्यानेच तो भरून घ्यावा लागतो. पेशंट म्हणतो, ‘कुठे सही करू तेवढं सांगा,’ आणि ‘नष्ट करावा’वर टिक करून मोकळा होतो. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात असंच प्रकरण गेलं. अविवाहित तरुणाने घरच्यांना न विचारता तोच पर्याय निवडला होता. तो गेल्यावर आईला कोर्टात धाव घ्यावी लागली, आणि सुनावणी होईपर्यंत नमुना जपून ठेवा असा आदेश कोर्टाने केंद्राला दिला. तेव्हा फॉर्म आदल्या दिवशी घरी मागून घ्या, घरच्यांशी बोला, मगच भरा. सही मात्र पेशंटचीच लागते, वडिलांची चालत नाही. लग्न झालेलं असेल तर पत्नीलाही सोबत न्या.

साठवणुकीची फी मुदत संपण्याआधी भरायची असते आणि तिची आठवण फॉर्मवरच्या मोबाइल नंबरवर येते. नंबर बदलला तर केंद्राला लेखी कळवा आणि त्या पत्राची पोच घ्या.