साप समजून भुई धोपटणारी गाडी

रस्त्यावर शीतपेयाचा एक रिकामा डबा पडला आहे, आणि त्याचा खोलगट तळ तुमच्या गाडीकडे आहे. तुम्हाला तो कचरा दिसतो. बंपरमागे बसवलेल्या रडारला मात्र तो भलामोठा अडथळा वाटू शकतो, कारण धातूची थाळीसारखी खोलगट बाजू रेडिओलहरी एकवटून परत फेकते. हे उदाहरण टेस्ला कंपनीने सप्टेंबर २०१६ मध्ये आपल्या गाड्यांतलं रडार कसं काम करतं ते सांगताना स्वतःच दिलं होतं. अशा डब्यासाठी महामार्गावर करकचून ब्रेक लागला, तर मागून येणाऱ्याने काय करावं?

गाडीने आपणहून ब्रेक लावण्याच्या या सोयीला ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग म्हणतात. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो: मी या सोयीच्या बाजूचा आहे. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या अभ्यासांनुसार, ती असलेल्या गाड्या पुढच्या वाहनावर मागून आदळण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. म्हणूनच तिच्या खोट्या इशाऱ्यांचा प्रश्न गांभीर्याने घ्यायला हवा. ज्या चालकाचा तिच्यावरचा विश्वास उडतो, तो ती बंद करून टाकतो, आणि मग खऱ्या संकटातही ती नसते.

रडारची अडचण आधी पाहू. गाडीतलं रडार साधारण ७७ गिगाहर्ट्‌झच्या लहरी सोडतं, म्हणजे तरंगलांबी चार मिलिमीटरहूनही थोडी कमी. परत आलेल्या लहरीवरून समोरची वस्तू किती दूर आहे आणि कोणत्या वेगाने जवळ येते आहे, हे त्याला फार अचूक कळतं. रात्र असो, धुकं असो, फारसा फरक पडत नाही. पण ती वस्तू किती उंचावर आहे आणि तिचा आकार कसा आहे, हे सांगताना जुन्या धाटणीचं रडार चाचपडतं. आता रडारच्या जागी बसून रस्त्याकडे पाहा. तुम्ही ताशी १०० किलोमीटरने जात असाल, तर जे जे स्थिर आहे ते सगळं त्याच वेगाने तुमच्या अंगावर येतं आहे. डोक्यावरचा पूल, दिशादर्शक फलकाची कमान, गटाराचं लोखंडी झाकण, आणि लेनमध्ये बंद पडलेला ट्रकसुद्धा. यातला फक्त ट्रक जीवघेणा आहे.

निसानच्या ‘रोग’ या गाडीच्या बाबतीत हेच पुढे आलं. २०१७ आणि २०१८ सालच्या या गाड्या रेल्वे फाटकाशी, पुलाखाली, खाली लोंबणाऱ्या सिग्नलपाशी किंवा पार्किंगच्या इमारतीत विनाकारण ब्रेक लावतात, अशा तक्रारी अमेरिकेत आल्या. ‘सेंटर फॉर ऑटो सेफ्टी’ या संस्थेने मार्च २०१९ मध्ये अर्ज केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारी रस्तेसुरक्षा यंत्रणेने साडेपाच लाखांहून अधिक गाड्यांची चौकशी सुरू केली. तक्रारींतल्या जागा पाहिल्या की रडारला काय दिसत असावं याचा अंदाज येतो.

मग कॅमेराच वापरावा? कॅमेऱ्याला आकार कळतो. माणूस, सायकल, ट्रक ओळखता येतात. पण एका कॅमेऱ्याच्या चित्रात अंतर नसतं, ते अनुमानाने काढावं लागतं. उतरतं ऊन, काचेवरचा चिखल, रस्त्यावर पडलेली दाट सावली या सगळ्यांनी हे अनुमान डळमळतं. टेस्लाने मे २०२१ पासून अमेरिकेत आपल्या दोन मॉडेलांमधून रडार काढून टाकलं आणि सगळा भार कॅमेऱ्यांवर टाकला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे ४ लाख १६ हजार टेस्ला गाड्यांची चौकशी सुरू झाली. आधीच्या नऊ महिन्यांत ३५४ तक्रारी आल्या होत्या, की चालकसाहाय्य चालू असताना मोकळ्या रस्त्यावर गाडी अचानक ब्रेक लावून वेग कमी करते. तरी सगळा दोष रडार काढण्यावर टाकणं घाईचं होईल. त्याच महिन्यात होंडाच्या सुमारे १७ लाख गाड्यांचीही अशीच चौकशी सुरू झाली, आणि त्या गाड्यांत रडार आणि कॅमेरा दोन्ही होते.

उपकरणं बदलूनही हा दोष का उरतो? माझ्या मते याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. समजा, गाडीचा संगणक सेकंदाला २० वेळा ठरवतो की समोर संकट आहे की नाही. तासाला ७२ हजार निर्णय झाले. समजा, तो दहा लाखांत एकदाच चुकतो. परीक्षेत एवढे गुण कोणाला मिळत नाहीत. तरीसुद्धा दर चौदा तासांच्या प्रवासात एक खोटा इशारा आला. रोज तासभर गाडी चालवणाऱ्याला दर पंधरवड्याला एक. खरं संकट मात्र त्याच्या वाट्याला कित्येक वर्षांत एखादंच येणार. म्हणजे इतका हुशार संगणक असूनही त्याचे बहुतेक इशारे खोटेच! दुर्मीळ गोष्टीचा शोध घेणाऱ्या प्रत्येक तपासणीला हा शाप असतो. दुर्मीळ रोगाच्या चाचण्यांमध्ये डॉक्टरांनाही तो भेटतो.

यावर उपाय म्हणून संगणक एका निर्णयावर विसंबत नाही. सलग काही निर्णय जुळले तरच तो ब्रेक लावतो. समजा पाच जुळायला हवेत. पाच निर्णय म्हणजे पाव सेकंद, आणि ताशी ८० किलोमीटरने पाव सेकंदात गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. खात्री हवी तर अंतर गमवावं लागतं. वेदान्तातला दोरी आणि सापाचा दृष्टान्त आपल्याला ठाऊक आहे. दोरीला साप समजून दचकलो तर फार तर फजिती होते, पण सापाला दोरी समजून पाय ठेवला तर जीव जातो. दचकणं कमी करायचं ठरवलं की सापावर पाय पडण्याची शक्यता वाढते. तंत्र तेच ठेवून या दोन्ही चुका एकाच वेळी कमी करता येत नाहीत.

याची सर्वांत वेदनादायक साक्ष ॲरिझोनातल्या टेम्पी गावची आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री उबर कंपनीच्या स्वयंचलित चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि ती मरण पावली. गाडीच्या यंत्रणेला ती ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण ती कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘इतर काहीतरी’ ठरत राहिली. उबरने आपली यंत्रणा ज्या व्होल्वो गाडीवर बसवली होती, तिच्यात मुळातच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा होती. उबरची यंत्रणा गाडी चालवत असताना ती बंद ठेवलेली असे. उबरच्या प्रणालीत तर खोट्या इशाऱ्यांवर गाडी उगाच थांबू नये म्हणून, धोका ओळखल्यावर एक सेकंद काहीच न करण्याची तजवीज होती. देखरेखीसाठी स्टिअरिंगसमोर बसलेली चालक त्या क्षणी रस्त्याकडे पाहत नव्हती. खोट्या इशाऱ्याचा त्रास टाळण्यासाठी घेतलेला तो एक सेकंद मला विसरता येत नाही.

अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये केलेल्या नियमात दोन्ही बाजूंची परीक्षा आहे. सप्टेंबर २०२९ पासून नव्या हलक्या गाड्यांना ताशी सुमारे १०० किलोमीटरपर्यंत समोरच्या वाहनाला न धडकता थांबता आलं पाहिजे, अंधारातही पादचारी ओळखता आला पाहिजे. आणि त्याच वेळी, रस्त्यात खोदलेल्या चरावर टाकतात तसा पोलादी पत्रा समोर आला, किंवा दोन उभ्या गाड्यांमधून वाट काढायची असली, तर उगाच जोराचा ब्रेक लागता कामा नये. मला ही दुहेरी परीक्षा योग्य वाटते. गाडी उत्पादकांच्या संघटनेला ती मान्य नाही. एवढ्या वेगाला गाड्या फार लवकर ब्रेक लावतील आणि मागची वाहनं आदळतील, असं म्हणत ती जानेवारी २०२५ मध्ये कोर्टात गेली.

आपल्याकडच्या नव्या गाड्यांतही ही सोय आता सर्रास येते आहे. पुण्यात किंवा ठाण्यात गाडी चालवणाऱ्याला ठाऊक असतं, की पुढे दोन मीटरची फट सोडली की तिथे दुचाकी शिरणार आणि क्षणात निघूनही जाणार. हे त्याला सरावाने कळतं. यंत्र मात्र फक्त कमी होणारं अंतर आणि वेग मोजतं. त्या फटीत शिरलेली प्रत्येक दुचाकी त्याच्या हिशेबात टक्कर होण्याच्या बेतात असते.

गाडीत ही सोय असेल तर ती बंद करू नका. पावसाळ्यात बंपरवरचा चिखल आणि काचेवर कॅमेऱ्यासमोर साचलेली घाण पुसत जा. उगाच ब्रेक लागला, तर जागा, वेळ आणि हवा कशी होती हे टिपून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला लेखी कळवा. निसानची आणि टेस्लाची चौकशी सुरू झाली ती सामान्य चालकांनी लिहून पाठवलेल्या अशाच तक्रारींमुळे.