ढीग आवळण्याचा इतिहास

पेंढा, पऱ्हाट्या, तुसं, पाचट हे सगळं जळतं, हे सांगायला संशोधकाची गरज कधीच नव्हती. अडचण होती ती जागेची. सुटा पेंढा घनमीटरला जेमतेम ५० किलो भरतो. त्याच्या पेलेट, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या छोट्या कांड्या, केल्या की तेवढ्याच जागेत ६०० किलोच्या आसपास मावतात. वाहतूक, साठवण, भट्टीत घालणं, सगळं या फरकावर ठरतं.

असं दाबून इंधन करण्याची सुरुवात मात्र शेतातून झाली नाही. वाया जाणारी कोळशाची भुकटी दाबून तिचे गोळे करण्याचं पेटंट अमेरिकेत विल्यम ईझबी यांनी १८४८ मध्ये घेतलं. दगडी कोळशाच्या भुकटीला धरून ठेवायला पुढे डांबरासारखी चिकट द्रव्यं वापरली गेली. वनस्पतीला ती लागत नाहीत. तिच्यात लिग्निन असतं, म्हणजे तिला ताठपणा देणारं नैसर्गिक द्रव्य. दाब आणि उष्णता मिळाली की ते मऊ होतं आणि थंड होताना सगळं घट्ट बांधतं. मला या साऱ्या कहाणीत हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते: चिकटवणारा पदार्थ कचऱ्यातच होता.

१९४० च्या दशकात जपानमध्ये स्क्रू प्रेस, म्हणजे फिरत्या स्क्रूने माल दाबत पुढे रेटणारं यंत्र, आला. लाकडाचा भुसा तापलेल्या साच्यातून रेटला की मधे भोक असलेली कांडी बाहेर पडते. ‘ओगालाइट’ नावाच्या या कांड्यांचे १९६९ पर्यंत तिथे सहाशेहून अधिक कारखाने होते. भाताची तुसं घातली तेव्हा मात्र त्यांतल्या सिलिकाने, म्हणजे वाळूत असतो त्याच कठीण पदार्थाने, स्क्रूच झिजू लागला. स्वस्त तेलाच्या काळात अशा इंधनाकडे दुर्लक्ष झालं आणि १९७३ च्या तेलटंचाईने ते पुन्हा आठवलं.

टंचाई सरली की विसर, हे चक्र डेन्मार्कने मोडलं. १९९३ च्या राजकीय करारानुसार वीजकेंद्रांना वर्षाला १४ लाख टन जैवभार, म्हणजे पेंढा-लाकडासारखं वनस्पतिजन्य इंधन, वापरणं भाग पडलं. त्यात १२ लाख टन पेंढा होता. खरी परीक्षा तिथे झाली. पेंढ्यातलं पोटॅशियम आणि क्लोरीन यांमुळे राख वितळून बॉयलरच्या नळ्यांना चिकटते आणि धातू गंजतो. म्हणून पावसाने धुतलेला, करडा पडलेला पेंढा पिवळ्या ताज्या पेंढ्यापेक्षा भट्टीला मानवतो. फक्त उचलण्याआधी तो पुन्हा खडखडीत वाळायला हवा.