मंडे-मॉर्निंग क्वार्टरबॅक

मंडे-मॉर्निंग क्वार्टरबॅक : अमेरिकन फुटबॉलचा सामना संपल्यावर, निकाल ठाऊक असताना, क्वार्टरबॅकच्या (आक्रमण चालवणाऱ्या, चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या) फेकीतले दोष काढणारा आणि कोणत्या क्षणी कोणता डाव (चेंडू पुढे नेण्याचा आखलेला एक प्रयत्न) खेळायला हवा होता ते सांगणारा चाहता, तसेच अशा चिकित्सेचा प्रघात. कट्ट्यावर बसून क्रिकेटचा संघ निवडणाऱ्यांशी त्याचे नाते जवळचे आहे. मात्र या खेळात प्रत्येक डाव आधी ठरवून, नाव घेऊन पुकारला जातो आणि दोन डावांमध्ये थांबा असतो. त्यामुळे एका सामन्यातल्या, एका संघाच्या साठ-सत्तर आक्रमक डावांपैकी प्रत्येकाचा स्वतंत्र पंचनामा करता येतो.

या नावाचे श्रेय सामान्यतः हार्व्हर्ड विद्यापीठाचा क्वार्टरबॅक बॅरी वुड याच्या १९३१ मधील भाषणाला दिले जाते. व्यावसायिक सामने रविवारी होतात म्हणून टीका सोमवारी, ही उपपत्ती लोकप्रिय आहे. पण १९३१ हा काळ ग्राह्य धरल्यास वुडच्या डोळ्यांसमोर शनिवारचे महाविद्यालयीन सामने असणार; व्यावसायिक फुटबॉलला तेव्हा तेवढे वजन नव्हते. शनिवारचा सामना, रविवारचे वृत्तपत्र आणि सोमवारी कचेरीतली चर्चा, हा क्रम अधिक संभवनीय वाटतो. (रविवार रात्रीचा सामना भारतात हंगामाच्या आरंभी सोमवारी पहाटे ५.५० वाजता सुरू होतो. येथील प्रेक्षकाची सोमवार सकाळ प्रत्यक्ष खेळातच जाते.)

डावनिवड कोणाची : टीकेचा रोख कोणावर असावा, हे डाव कोण पुकारतो यावर अवलंबून असते आणि ते काळानुसार बदलत गेले. आरंभीच्या दशकांत बाजूरेषेवरून सूचना देण्यास नियमांची बंदी होती. डाव क्वार्टरबॅकच निवडत असे. एनएफएल या व्यावसायिक लीगने १९४४ मध्ये ही बंदी उठवली. क्लीव्हलंड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी दोन गार्ड (क्वार्टरबॅकपुढे उभे राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणारे खेळाडू) आळीपाळीने मैदानात धाडून त्यांच्या तोंडी डाव कळवण्याची पद्धत रूढ केली. १९५६ मध्ये त्यांनी क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवला, पण आयुक्त बर्ट बेल यांनी त्याच वर्षी त्याला मनाई केली. हेल्मेटमधील रेडिओ अधिकृत होण्यास १९९४ उजाडले.

आजची व्यवस्था अशी : डाव संपताच ४० सेकंदांचे घड्याळ सुरू होते. त्यावर १५ सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद पडतो. आक्रमण समन्वयक किंवा मुख्य प्रशिक्षक डाव सांगतो, क्वार्टरबॅक तो कोंडाळ्यात सगळ्यांना ऐकवतो, मग डाव जिथून सुरू होतो त्या रेषेवर येऊन बचावाची मांडणी पाहतो आणि गरज पडल्यास डाव बदलतो. पुकारा उशिरा आला तर या शेवटच्या कामाला वेळच उरत नाही. विलंबाबद्दल ५ यार्डांचा दंड झाला की प्रेक्षक क्वार्टरबॅकला शिव्या घालतात. चूक पुष्कळदा बाजूरेषेवर झालेली असते.

डाव सांगण्याच्या परिभाषाही एकसारख्या नाहीत. प्रशिक्षक डॉन कोरियेल यांच्या परंपरेत पास पकडणाऱ्याच्या प्रत्येक मार्गाला आकडा असतो : सामान्यतः विषम आकडे बाहेर, बाजूरेषेकडे वळणारे, सम आकडे आत, मैदानाच्या मध्याकडे वळणारे, ९ म्हणजे सरळ पुढे धाव. प्रशिक्षक बिल वॉल्श यांच्या परंपरेत मार्गांना नावे असतात, त्यामुळे पुकारा लांबलचक वाक्यासारखा होतो. ‘वेस्ट कोस्ट’ (पश्चिम किनारा) हे आक्रमणपद्धतीचे नाव मुळात यांपैकी कोणत्या परंपरेचे, याबद्दल वाद आहे. ते आधी कोरियेल-परंपरेला उद्देशून वापरले गेले आणि गैरसमजाने वॉल्श यांच्या पद्धतीला चिकटले, असे एक मत असून ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. वॉल्श यांची पद्धत आकाराला आली तीही पश्चिम किनाऱ्यावर नव्हे, तर १९७० मध्ये ओहायोतील सिनसिनाटी बेंगल्स संघात. क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर याच्या दंडात लांब फेकीचे बळ नव्हते, पण नेम चांगला होता. म्हणून आखूड, आडव्या पासांवर भर दिला गेला.

पायांचे तंत्र : उजव्या हाताचा क्वार्टरबॅक सेंटरच्या (अडवणाऱ्या फळीतल्या मधल्या खेळाडूच्या) हातून चेंडू घेतल्यावर उजव्या पावलाने मागे निघतो. तीन पावलांच्या माघारीला ५-६ यार्डांवर वळणारे मार्ग जोडलेले असतात, पाच पावलांना १० ते १५ यार्डांचे, सात पावलांना त्याहून खोल. शॉटगन मांडणीत तो आधीच सुमारे ५ यार्ड मागे उभा असतो, म्हणून दोन पावले वजा होतात. शेवटचे पाऊल रोवले की पहिल्या पसंतीच्या खेळाडूकडे चेंडू निघायला हवा. तो झाकलेला असेल तर पुढे एक छोटी उडी आणि दुसरी पसंती. आणखी एक उडी आणि तिसरी. पाय अशा रीतीने नजरेच्या क्रमाशी बांधलेले असतात. स्नॅपपासून (सेंटरने चेंडू मागे दिल्यापासून) फेकीपर्यंत सरासरी अडीच ते पावणेतीन सेकंद मिळतात. पाच पावलांच्या माघारीवर तीन पावलांचा मार्ग फेकायला गेले की चेंडू उशिरा पोहोचतो, आणि तेवढ्या वेळात बचावपटू मध्ये येतो.

फेकीचे तंत्र : अनामिका आणि करंगळी शिवणीवर, तर्जनी टोकाच्या बाजूला, तळहात आणि चेंडू यांत थोडी फट. पुढचे पाऊल आखूड आणि लक्ष्याच्या दिशेने पडते, आधी कंबर फिरते, मग खांदा, शेवटी कोपर आणि मनगट. सुटल्यावर अंगठा खाली वळलेला असावा. दोष कुठे आहे ते बहुधा चेंडू कुठे गेला त्यावरून ओळखता येते. पुढचे पाऊल फार लांब पडले तर धड मागे राहते आणि चेंडू डोक्यावरून जातो. पाऊल लक्ष्याला आडवे पडले तर कंबर अडते, नुसत्या हाताने फेक होते आणि चेंडू धावणाऱ्याच्या मागे पडतो. दडपणाखाली मागच्या पायावर रेलून फेकलेला चेंडू तरंगतो. बचावपटूच्या हाती जाणाऱ्या पासांत असे बरेच असतात. एकाच खेळाडूकडे टक लावून पाहिले तर मागचा सेफ्टी (शेवटच्या फळीतला बचावपटू) त्या नजरेमागोमाग तिथे पोहोचतो.

कोपर खांद्याच्या खाली आले की चेंडू लाइनमनच्या (पुढच्या फळीतल्या खेळाडूच्या) हाताला लागतो, हा आक्षेप जुना आहे. क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सने हात आडवा फिरवून फेकलेल्या पासांनी त्याची धार बोथट केली. हाताचा कोन दुय्यम, पाय व कंबर यांचा पाया मुख्य, हे मत आता अधिक ग्राह्य ठरते. क्वार्टरबॅक टिम टीबोचा दोष मात्र वेगळ्या जातीचा होता : तो फेकीपूर्वी चेंडू कमरेजवळ नेऊन मोठा वळसा देत असे, आणि तेवढा अवधी व्यावसायिक बचावाला पुरतो.

चिकित्सेतील गफलती : सर्वांत मोठी गफलत म्हणजे फेक, निर्णय आणि पुकारा यांची सरमिसळ. रिकाम्या जागी पडलेला पास चुकीचा दिसतो. पण काही मार्ग ऐच्छिक असतात. बचाव जागा राखून खेळत असेल तर थांबायचे, माणसामागे धावत असेल तर पळत राहायचे. तिथे दोघांनी वेगळा अर्थ लावला तर दोष कुणाचा, हे बाहेरून सांगता येत नाही. पाच जण अडवायला असताना सहा जण चालून आले, तर मोकळा सुटलेला सहावा हा क्वार्टरबॅकच्या हिशेबात धरतात. त्याने तत्काळ आखूड पास द्यायचा असतो. अशा वेळी लाइनमनना धारेवर धरणे अन्यायाचे. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चेंडूमागे फिरत असल्याने दूरवरचे मार्ग पडद्याबाहेर राहत. २२ही खेळाडू दाखवणारे उंचावरचे चित्रण एनएफएलने २०१२ मध्ये चाहत्यांना खुले केले, तेव्हापासून चिकित्सेचा दर्जा सुधारला. एनएफएलने १९७३ मध्ये स्वीकारलेला पासर रेटिंग हा पासांच्या कामगिरीचा गुणांक (कमाल १५८.३) पुकाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. त्यासाठी अपेक्षित गुणांची (चेंडू मैदानात कुठे आहे त्यावरून सरासरी किती गुण मिळतील ते मोजणारी) पद्धत उपयोगी पडते. तिचा पाया उपरोक्त कार्टर याने रॉबर्ट मॅकोल यांच्यासह १९७१ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात आहे. स्वतःच्या गोलरेषेजवळ चेंडू असण्याचे मूल्य शून्याच्या खाली जाते, हे त्यात दाखवले होते.

दोन गाजलेले वाद : १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये (एनएफएलच्या अंतिम सामन्यात) सिॲटल सीहॉक्स २४–२८ मागे होते. चेंडू गोलरेषेपासून १ यार्डावर, दुसरा डाऊन (चार प्रयत्नांपैकी दुसरा), २६ सेकंद आणि एकच टाइमआऊट शिल्लक. धावपटू मार्शॉन लिंच हाताशी असताना पास पुकारला गेला; रसेल विल्सनची फेक न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरने पकडली आणि निकाल ठरला. ‘लिंचला चेंडू द्यायला हवा होता’ ही टीका आजही थांबलेली नाही. हिशेब मात्र असा : धाव अडली तर घड्याळ चालू राहते, पास वाया गेला तर थांबते. एका टाइमआऊटमध्ये तीन डाव बसवायचे तर त्यांतला एक तरी पास हवा. लिंच त्या हंगामात १ यार्डावरून पाच धावांत एकदाच यशस्वी झाला होता. उलट त्या अंतरावरून साऱ्या लीगमध्ये तोवर टाकलेल्या शंभराहून अधिक पासांपैकी एकही प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडला नव्हता. म्हणून पास पुकारणे समर्थनीय ठरते. आक्षेप घ्यावा तो पासच्या जातीवर. गर्दीत आत वळणारा स्लँट निवडला. सिॲटलच्या जर्मेन कर्सला न्यू इंग्लंडच्या ब्रँडन ब्राउनरने रेषेवरच रोखून धरल्यामुळे बटलरची वाट मोकळी झाली. त्याआधी अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ वाहू दिला, यावर फार कमी बोलले जाते.

५ फेब्रुवारी २०१७ च्या सुपर बोलमधली अटलांटा फाल्कन्सची गोष्ट उलटी. २८–३ अशी आघाडी २८–२० वर आलेली, पाचेक मिनिटे बाकी आणि चेंडू प्रतिस्पर्धी न्यू इंग्लंडच्या २२ यार्डावर. तिथून फील्ड गोल (थोडे मागून किक मारून, गोलरेषेमागच्या खांबांमधून चेंडू धाडून मिळणारे ३ गुण) सुमारे ४० यार्डांचा. तो साधला असता तर आघाडी ११ गुणांची, म्हणजे दोन वेळा गुण मिळवूनच भरून निघणारी. पहिल्या धावेत १ यार्ड गेला. मग समन्वयक काइल शॅनहन यांनी पास पुकारला आणि मॅट रायन १२ यार्ड मागे पाडला गेला. पुढच्या डावात धरपकडीबद्दल १० यार्डांचा दंड झाला. चेंडू ४५ यार्डावर सरकला, तिथून फील्ड गोल साठहून अधिक यार्डांचा पडला असता, आणि संघाला पंट करावा (लाथेने चेंडू दूर धाडून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करावा) लागला. अतिरिक्त वेळेत न्यू इंग्लंड ३४–२८ ने जिंकले. येथे पुकारा आणि निर्णय दोन्ही सदोष होते : धाव पुकारायला हवी होती, आणि पास आल्यावरही रायनने चेंडू बाजूरेषेबाहेर भिरकावून दिला असता तर किकचे अंतर टिकले असते.