मायक्रो सेट की मायक्रो सोल? कुठलं खाली, कुठलं वर

प्लास्टिकच्या मॉडेलवर डेकल (पाण्यात भिजवून कागदावरून सरकवत लावायचं पातळ चित्र) लावायला घेतलं की हा घोळ प्रत्येकाचा एकदा तरी होतोच. मायक्रोस्केल कंपनीच्या, डेकल बसवायच्या द्रवांच्या दोन बाटल्या, आत दोन्हीकडे पाण्यासारखंच काहीतरी, सेटचं लेबल निळं आणि सोलचं लाल एवढाच काय तो फरक डोळ्याला दिसतो, आणि वर ती नावं अशी की सेट म्हणजे शेवटी डेकल पक्कं बसवायला वरून लावायचं असणार असंच वाटतं. उलटं आहे. सेट आधी आणि खाली, सोल नंतर आणि वरून.

सेटचं झाकण उघडा, व्हिनेगरचा वास येईल, कारण त्यात ॲसिटिक ॲसिड असतं. जिथे डेकल बसणार तिथे ब्रशने ते आधी लावायचं, मग पाण्यातून काढलेलं डेकल त्यावर सरकवायचं. जागा नीट ओली राहते, डेकल हवं तसं हलवता येतं आणि चिकटतंही चांगलं. डेकल थोडं नरमही होतं पण थोडंच.

सोलचा खरा धंदाच नरम करण्याचा. डेकल जागेवर बसलं, खालचं पाणी टिपून झालं की वरून सोल लावायचं आणि हात मागे! दोन-चार मिनिटांत डेकलला अशा सुरकुत्या पडतात की वाटतं गेलं, पैसे पाण्यात. बोट लावू नका. डेकलची फिल्म मऊ होऊन पॅनल लाइनमध्ये (पत्र्यांच्या जोडाच्या खाचा), रिव्हेटवर उतरत असते, सुकली की आपोआप सपाट होते. मी १/७२ मापाच्या मिग-२१ च्या मॉडेलवर (खरी विमानं आपल्या नाशिकजवळ ओझरला बनायची ती) गडबडीत खाली सोल लावलं, पंखावरचं राउंडेल (हवाई दलाचं गोल तिरंगी चिन्ह) सरकवायच्या आतच लगदा झालं, केशरी कडा दुमडून हिरव्यावर चिकटली. स्पेअर नव्हतं अर्थात.

मिस्टर हॉबीवाल्यांची पण अशीच जोडी आहे, मार्क सेटर आणि मार्क सॉफ्टर, क्रम तोच. फक्त सेटरमध्ये गोंद असतो, त्यामुळे कडेला सांडलेलं ओल्या फडक्याने पुसून घ्या नाहीतर डाग राहतो.

आणि डेकलखाली चांदीसारखं चमकतंय त्याला सिल्व्हरिंग म्हणतात, ते बऱ्याचदा मॅट रंगावर डायरेक्ट डेकल लावल्यामुळे होतं, खरबरीत पृष्ठभागात हवा अडकते. त्यावर खरा इलाज आधी ग्लॉस कोट (चकचकीत वार्निशचा हात) मारणे, बाटली कुठलीही असो. लावून झालंच असेल तर बारीक सुईने टोचा आणि त्या भोकांवर परत सोल सोडा, बरंचसं बसतं. जाड डेकल असेल तर सोलचे दोन-तीन हातही लागतात, पण प्रत्येक हात पूर्ण सुकू द्या, मी तर रात्रभर तसंच ठेवतो.